पाचवा रकाना

सोव्हिएत युनियनमध्ये नोकरीला लागताना एक फॉर्म भरून द्यावा लागायचा, आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी फॉर्मइतकाच कंटाळवाणा. एक नंबरला आडनाव, नाव आणि वडलांचं नाव, दोनला स्त्री की पुरुष, तीनला जन्मतारीख, चारला जन्मगाव. आणि पाच नंबरला ‘नात्सिओनाल्नोस्त’. ह्या शब्दाचं भाषांतर करताना बरेच जण गंडतात, कारण डिक्शनरीत अर्थ सापडतो राष्ट्रीयत्व आणि मग वाटतं की तिथे काय, सगळेच सोव्हिएत लिहीत असणार. तसं नव्हतं. नागरिक सगळे सोव्हिएतच, पण पाचवा रकाना विचारायचा की तुम्ही जन्माने कोण, म्हणजे रशियन, युक्रेनियन, उझबेक, तातार, जर्मन, की ज्यू. ज्यू हा तिथे धर्म म्हणून धरतच नसत, जमात म्हणून धरत. त्यामुळे देवबिव न मानणारा, सिनॅगॉगची पायरी कधी न चढलेला, घरीदारी फक्त रशियन बोलणारा पक्का पार्टी मेंबर असला तरी पाचव्या रकान्यात ‘येव्रेय’, म्हणजे ज्यू, आणि तीच नोंद खिशातल्या पासपोर्टवर पण. (हा पासपोर्ट परदेशी जायचा नव्हे, देशातल्या देशात वापरायचं ओळखपत्र. आपल्या आधारसारखं समजा.)

तिथल्या ज्यू लोकांमध्ये ह्यावर इतके जोक होते की विचारू नका. अपंगत्वाचे सरकारी गट तीन होते, तर हे स्वतःला म्हणायचे ‘पाचव्या गटातले अपंग’. दुसरा जोक असा की साहेब फॉर्म वाचून दाखवतोय, परदेशात नातेवाईक आहेत का, नाही, युद्धात शत्रूच्या ताब्यातल्या भागात राहिलात का, नाही, बरं, पाच नंबर? हो.

त्या ‘हो’ मध्ये सगळं आलं. पण हे चालायचं कसं ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

सरकारने एखाद्या जमातीशी भेदभाव करणं म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर आधी जर्मनी येतो, आणि ते बरोबरच आहे. पण हिटलरचं काम छापील होतं. १९३५ चे न्यूरेंबर्ग कायदे कलमवार लिहिलेले, ज्यू कोणाला म्हणायचं, त्याने कोणाशी लग्न करायचं नाही, सगळं पांढऱ्यावर काळं. सोव्हिएत युनियनमध्ये कागद नेमका उलटं बोलायचा. १९३६ च्या राज्यघटनेत कलम १२३ होतं, त्यात सरळ लिहिलंय की वंश किंवा जमात काहीही असो सगळे नागरिक समान, आणि जमातीवरून कोणाचे हक्क कमी केले, उघड किंवा आडमार्गाने, तर तो गुन्हा. ‘आडमार्गाने’ हे पण लिहिलंय हां! स्टालिनने स्वतः १९३१ मध्ये एका अमेरिकी वृत्तसंस्थेला लेखी उत्तर दिलेलं की ज्यूद्वेष म्हणजे माणूस माणसाला खायचा त्या काळातला अवशेष. म्हणजे कागदोपत्री ह्यांच्याइतकं स्वच्छ सरकार जगात नसेल.

आणि सुरुवातीला ते अगदीच खोटं नव्हतं, हे पण सांगायला पाहिजे. झारच्या राज्यात ज्यूंना हवं तिथे राहताच यायचं नाही, १७९१ पासून पश्चिमेकडचा एक पट्टा आखून दिला होता, बहुतेकांनी त्याच्या आतच राहायचं. १८८७ पासून कॉलेजात कोटा आला, पट्ट्याच्या आत १० टक्के, बाहेर ५, आणि मॉस्को-पीटर्सबर्गमध्ये ३. हा कोटा म्हणजे आपल्या राखीव जागांसारखा नाही, उलटा, एवढ्यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत असा. १९१७ च्या क्रांतीने हे सगळं एका झटक्यात गेलं. विसाच्या दशकात तर यिद्दिश भाषेच्या शाळा, यिद्दिश पेपर, नाटकं सरकारी पैशाने चालत होती, आणि फक्त ज्यूंचीच नाही तर तातार, जर्मन, कोरियन, सगळ्यांच्या भाषेत शाळा होत्या. तेव्हा कोण कुठल्या जमातीचा ही नोंद ज्याला त्याला त्याचा वाटा मिळावा म्हणून घेतली जायची. पुढे सगळा खेळ पालटला तो ह्याच नोंदीच्या जिवावर.

१९३२ च्या डिसेंबरात पासपोर्ट आले. सुरुवातीला तुम्ही सांगाल ती जमात लिहायचे. मग १९३७-३८ ची ती भयानक साफसफाई सुरू झाली, नुसत्या ‘पोलिश’ मोहिमेत १ लाख ११ हजारांवर माणसं गोळ्या घालून मारली, आणि १९३८ मध्ये नियम बदलला की आता तुमचं सांगणं चालणार नाही, आईवडलांची जमात कागदावर दाखवा आणि तीच लिहा. म्हणजे कोणी पोलिश किंवा जर्मन माणूस स्वतःला रशियन म्हणवून निसटायला नको. आईवडील वेगळ्या जमातीचे असतील तर सोळाव्या वर्षी पासपोर्ट घेताना दोघांपैकी एक निवडायची, तेवढी एक फट ठेवली. आईबापांपैकी एकच ज्यू असलेल्या घरांमध्ये हा निर्णय काय असायचा ते सांगायला नको. पोरगं आईचं ‘रशियन’ उचलायचं आणि बाप गप्प बसायचा.

पण फायदा किती? रशियन नावाची रचना आपल्यासारखीच, मध्ये बापाचं नाव. पासपोर्टवर रशियन लिहिलं तरी मधे ‘अब्रामोविच’ आणि शेवटी ‘काट्झ’ दिसलं की समोरच्याला कळायचं ते कळायचंच. आपल्याकडे नाही का, नाव सांगितलं की पुढचा प्रश्न येतोच, पूर्ण नाव काय. तिकडे म्हण होती, मारणारा पासपोर्ट बघून नाही मारत, थोबाड बघून मारतो.

आता ज्यूंकडे वळायच्या आधी बाकीच्यांचं सांगतो, कारण सगळ्यात क्रूर वापर त्यांच्यावर झालाय आणि आपल्याकडे ते फारसं कोणाला माहीत नसतं. १९३७ मध्ये अतिपूर्वेकडचे कोरियन, जवळपास १ लाख ७२ हजार, गाड्यांमध्ये भरून कझाकस्तान-उझबेकिस्तानात नेऊन टाकले, जपानचे हेर असतील म्हणून. (कोरियन लोक जपानचे हेर! जपानने त्यांचाच देश गिळलेला होता.) १९४१ मध्ये व्होल्गाकाठचे जर्मन, २३ फेब्रुवारी १९४४ पासून चेचेन आणि इंगुश, आठवड्याभरात जवळपास ५ लाख. त्याच वर्षी १८ मे ला क्रिमियन तातार, पहाटे दार वाजवायचं, सामान बांधायला जेमतेम १५-२० मिनिटं, तीन दिवसांत १ लाख ८० हजारांच्या वर माणसं उझबेकिस्तान वगैरेकडे रवाना. आरोप होता जर्मनांना मदत केल्याचा, काहींनी केलीही होती, पण उचलताना कोणी काय केलं हे विचारलंच नाही, जमात विचारली. म्हातारी, तान्ही पोरं, पार्टी मेंबर, सगळे. रेड आर्मीत लढणाऱ्या तातार सैनिकांना पण सैन्यातून सोडल्यावर घरी नाही, तिकडेच पाठवलं. १९४८ च्या नोव्हेंबरात वर हुकूम निघाला की ही हद्दपारी कायमची, पळून जाल तर २० वर्षं सक्तमजुरी.

स्टालिन गेल्यावर चेचेन, इंगुश, काल्मिक लोकांना १९५७ मध्ये परत जाऊ दिलं. क्रिमियन तातारांना नाही. त्यांचं जे केलं ते मला ह्या सगळ्यातलं सगळ्यात चलाख काम वाटतं. ५ सप्टेंबर १९६७ ला सरकारने जाहीर केलं की त्यांच्यावरचा सरसकट आरोप मागे, पण त्या हुकमात त्यांना काय म्हटलंय, तर ‘पूर्वी क्रिमियात राहणारे तातार जमातीचे नागरिक’. क्रिमियन तातार हे नावच गायब. जनगणनेतही त्यांना सरळ व्होल्गाकडच्या वेगळ्या तातारांमध्ये मिळवून टाकलेलं. आता वेगळी जमातच नाही तर त्यांची मायभूमी कुठली, आणि परत कुठे जायचंय? कायद्याने तुम्ही देशात कुठेही राहू शकता, क्रिमियात पण. फक्त राहायचं तर पासपोर्टवर त्या गावचा पोलिसांचा शिक्का पाहिजे, त्याला प्रोपिस्का म्हणतात. शिक्का पाहिजे तर नोकरी दाखवा. नोकरी पाहिजे तर शिक्का दाखवा. कोणी घर विकत घेतलं तर सरकारी दप्तरात व्यवहार नोंदवायचेच नाहीत, मग बेकायदा राहतो म्हणून पुन्हा जिल्ह्याबाहेर. मुसा मामुत नावाचा माणूस असाच परत येऊन राहिलेला, एकदा तुरुंगात जाऊन आलेला, जून १९७८ मध्ये पोलीस पुन्हा न्यायला आले तेव्हा त्याने दारात स्वतःला पेटवून घेतलं. तातारांना क्रिमियात येऊ नका असं सांगणारं कलम दाखवा म्हटलं असतं तर कोणी दाखवू शकलं नसतं.

आता ज्यू. त्यांना घाऊक उचललं नाही, पण युद्धानंतर वारं फिरलं. १२ जानेवारी १९४८ च्या रात्री यिद्दिश रंगभूमीचा मोठा नट सोलोमन मिखोएल्स मिन्स्कमध्ये ‘अपघातात’ गेला, तो खून होता आणि वरून आलेल्या आदेशाने होता हे पुढे उघड झालं. १९४९ मध्ये पेपरात ‘मायदेश नसलेले कॉस्मोपॉलिटन’ असा शब्द सुरू झाला. ज्यू असं कुठेच लिहायचं नाही, पण ज्यांची नावं छापायची ती बघितली की कळायचं. टोपणनावाने लिहिणारा असेल तर कंसात त्याचं खरं आडनाव. १२ ऑगस्ट १९५२ ला तेरा जणांना गोळ्या घातल्या, त्यात पेरेत्झ मार्किशसारखे यिद्दिशचे पहिल्या फळीतले कवी-लेखक होते. १३ जानेवारी १९५३ ला ‘प्राव्दा’त आलं की क्रेमलिनचे डॉक्टर पुढाऱ्यांना मुद्दाम मारत होते, नऊ नावं, त्यातली सहा ज्यू. लोक ज्यू डॉक्टरांकडून औषध घ्यायला घाबरायला लागले. ५ मार्चला स्टालिन वारला आणि ४ एप्रिलला त्याच पेपरात आलं की डॉक्टर निर्दोष आहेत. महिन्याभरात!

ह्यानंतर माणसं मारणं थांबलं. पाचवा रकाना राहिला. आणि माझ्या मते खरं शिकण्यासारखं पुढच्या तीस वर्षांत आहे, कारण आता सगळं कागद न करता करायचं होतं.

कुठल्या संस्थेत किती ज्यू ठेवायचे हे तोंडी ठरायचं. वरून फोन यायचा, किंवा तोही यायचा नाही, भरती खात्याच्या माणसाला बरोब्बर कळायचं. फोनवर जागा रिकामी असायची, फॉर्म बघितला की भरलेली असायची. परराष्ट्र खातं, सैन्यातले वरचे हुद्दे, पार्टीच्या वरच्या खुर्च्या जवळपास बंदच. जिथे सरकारचीच गरज तिथे मात्र रकाना कोणाला दिसत नसे, अणुबॉम्ब बनवणाऱ्या गुप्त शहराचा शास्त्रीय प्रमुख यूली खारितोन ज्यू होता आणि तो दशकानुदशकं त्या खुर्चीवर होता. ह्याचाच उपयोग उत्तर म्हणून व्हायचा, बघा, आमच्याकडे भेदभाव कुठाय.

सगळ्यात बारीक काम झालं मॉस्को युनिव्हर्सिटीच्या गणित विभागात, ज्याला मेखमात म्हणायचे. आपल्यापैकी ज्यांनी मीर प्रकाशनाची ती स्वस्त आणि जाडजूड गणित-फिजिक्सची पुस्तकं वापरलीयत त्यांना सोव्हिएत गणिताबद्दल जो आदर आहे, त्या गणिताचं हे माहेरघर. इथे सत्तरच्या दशकापासून पुढे ज्यू पोरं तोंडी परीक्षेत नापास व्हायला लागली. त्यांना वेगळ्या परीक्षकांकडे पाठवायचे आणि त्यांच्यासाठी वेगळी गणितं असायची, त्यांना नाव पडलं ‘ग्रोब’, म्हणजे शवपेटी. ह्या गणितांचं वैशिष्ट्य असं की ती सिलॅबसमधलीच असायची आणि उत्तर दोन ओळींचं असायचं. नुसतं अवघड गणित घातलं तर पोरगं तक्रार करेल की हे शाळेत नव्हतं. म्हणून असं घालायचं की उत्तर बघितल्यावर कोणीही म्हणेल, अरे एवढं पण नाही आलं?

एक नमुना बघा. २ पायावरचा ३ चा लॉग आणि ३ पायावरचा ५ चा लॉग, ह्यातला मोठा कोणता? कॅल्क्युलेटर नाही. करून बघा, मी बसलो होतो पाऊण तास आणि नुसतीच पानं खराब केली. दोन्हींची सरळ तुलना करायला गेलं की अडकायला होतं. युक्ती अशी की मधे दीड हा आकडा उभा करायचा. ३ चा वर्ग ९, २ चा घन ८, नऊ मोठे, म्हणून पहिला लॉग दीडच्या वर. ५ चा वर्ग २५, ३ चा घन २७, पंचवीस लहान, म्हणून दुसरा दीडच्या खाली. संपलं. आठवीतल्या पोराला कळेल. पण सोळा-सतरा वर्षांच्या पोराला, समोर दोन माणसं घड्याळ बघतायत, आणि हे सुटलं की लगेच दुसरं असलंच येणार आहे, तेव्हा तो दीड कुठून सुचणार?

एदुआर्द फ्रेंकेल १९८४ मध्ये ह्या परीक्षेला बसला, कोलोम्ना नावाच्या शहरातला, सोळा वर्षांचा. बाप ज्यू, आई रशियन, रकाना साफ, पण आडनाव फ्रेंकेल. तोंडी परीक्षा चार तासांच्या वर चालली. वर्तुळाची व्याख्या विचारली, त्याने सांगितलं, एका बिंदूपासून समान अंतरावरच्या बिंदूंचा संच. चूक. का चूक? तर ‘सर्व’ बिंदूंचा संच म्हणायला पाहिजे होतं. असं चार तास. तो शेवटी ‘केरोसिंका’त गेला, म्हणजे तेल आणि गॅसची इन्स्टिट्यूट, टोपणनावाचा अर्थ रॉकेलचा स्टोव्ह, तिथे ज्यू पोरांना घेत असत. आणि जिथून हाकललं त्या मेखमातच्या सेमिनारना कुंपणावरून उडी मारून जायचा, कारण गेटवर पास लागायचा. एकविसाव्या वर्षी त्याला हार्वर्डने बोलावलं.

पण फ्रेंकेलची गोष्ट आपल्याला कळते कारण तो पुढे फ्रेंकेल झाला. बाकीच्यांसाठी बेला सुब्बोतोव्स्काया नावाची एक गणितज्ञ बाई उभी राहिली. १९७८ मध्ये तिने स्वतःच्या घरात शनिवारी वर्ग सुरू केले, मेखमातने नाकारलेल्या पोरांसाठी, शिकवायला चांगले चांगले गणिती येत, फी नाही, सर्टिफिकेट नाही. पुढे लोक त्याला ज्यू पीपल्स युनिव्हर्सिटी म्हणायला लागले, पण ज्यू नसलेली पोरंही असत, कोणी पाचवा रकाना विचारायचं नाही. पोरं उपाशी बसायला नकोत म्हणून ही बाई सँडविच करून ठेवायची. १९८२ मध्ये वर्ग चालवायला मदत करणाऱ्या व्हालेरी सेंदेरोव्ह आणि बोरिस कानेव्हस्की यांना अटक झाली, कोणाला कसले प्रश्न विचारून पाडलं ह्याच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या होत्या. सेंदेरोव्हला ७ वर्षं छावणी. बेलाला केजीबीने चौकशीला बोलावलं. त्याच सप्टेंबरात रात्री एका रिकाम्या रस्त्यावर ट्रकने उडवून ती गेली. मुद्दाम होतं की नाही हे सिद्ध झालं नाही. वर्ग बंद पडले.

मग लोक म्हणायचे, एवढं आहे तर देश सोडा. ते पण सोपं ठेवलं नव्हतं. इस्राएलमधल्या नातेवाइकाचं बोलावणं पाहिजे, आणि मग कामाच्या ठिकाणचं वर्तणुकीचं पत्र, म्हणजे ऑफिसला सांगायलाच पाहिजे, आणि ऑफिस मीटिंग बोलावून सगळ्यांसमोर गद्दार म्हणणार. अर्ज केला की बहुतेक वेळा नोकरी जायची. मग सोव्हिएत सरकारकडून नकार, कारण म्हणे तुम्हाला गुप्त माहिती आहे. आता नोकरी नाही आणि जाताही येत नाही, आणि बिनकामाचं राहणं हा तिथे गुन्हा, ऐतखाऊपणाचा, त्याची केस वेगळी. ह्या लोकांना ‘ओत्काझनिक’ म्हणायचे, नकार मिळालेले. काही जण दहा-दहा वर्षं असे लटकले. इंजिनिअर बॉयलरची भट्टी बघायचं काम घ्यायचे, म्हणजे कागदावर नोकरी तरी राहील. १९७२ मध्ये अजून एक काढलं, जायचंय तर शिक्षणाचा खर्च भरून जा, रक्कम कित्येक वर्षांच्या पगाराएवढी. ह्यावरून अमेरिकेत बोंब झाली आणि १९७५ च्या जानेवारीत तिथे कायदा आला की जो देश आपल्या लोकांना बाहेर जाऊ देत नाही त्याला व्यापारात सवलत नाही. पुढे परवानग्या ह्या माणसं बघून नाही तर वॉशिंग्टनशी कसं चाललंय ते बघून मिळायच्या असं वाटतं, १९७९ ला ५१ हजार ज्यू सुटले, आणि सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसून अमेरिकेशी बिघडल्यावर १९८४ ला हजारही नाहीत.

ह्याच काळातला जोक, ज्यू बायको ही काही चैन नाही, ते वाहतुकीचं साधन आहे.

१९९७ मध्ये रशियाने नवीन पासपोर्ट काढला आणि त्यातून पाचवा रकाना उडवला. मला वाटलेलं सगळ्या अल्पसंख्याकांनी पेढे वाटले असतील. तर तातारस्तानात, म्हणजे व्होल्गाकडच्या तातारांच्या प्रांतात, उलट विरोध झाला, की हा रकाना काढून तुम्ही आम्हाला पुसताय, आम्ही तातार आहोत हे कागदावर राहिलं पाहिजे, आणि बरीच वर्षं घासाघीस होऊन त्यांना तातार भाषेचं वेगळं पान जोडून मिळालं. पटतं की नाही ते सोडा, पण क्रिमियन तातारांचं नाव कसं गायब केलं ते वाचल्यावर त्यांचा राग कळतो.

आणि ज्यू घरांमध्ये नव्वदच्या दशकात वेगळीच धावपळ चालली होती. दारं उघडली होती, इस्राएलला जाता येत होतं, जर्मनीसुद्धा घेत होता, पण ज्यू असल्याचा पुरावा मागत होते, कागदावर. ज्यांनी सोळाव्या वर्षी आईचं ‘रशियन’ उचललं होतं, ज्यांच्या आजीने युद्धाच्या गोंधळात जन्मदाखला ‘हरवून’ नवीन करून घेतला होता, त्यांची नातवंडं आता कुठल्या कुठल्या जिल्ह्याच्या नोंदणी कचेरीत खिडकीपुढे उभी होती, १९२० सालचं रजिस्टर काढून द्या म्हणून, आणि कचेरीतल्या बाईने पान उघडलं की ही नातवंडं आधी तोच रकाना शोधत होती, त्यात ‘येव्रेयका’ नीट वाचता येतंय ना.